आडापासून दारापर्यंत

नांदेडला आमच्या घरात लोखंडी कपाटावर एक ट्रक आहे. हातभर लांब, पुरीएवढी चाकं, मूळचा रंग लाल. पाठीवर पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपचा वीतभर खांब आणि त्याच्या टोकाला काडेपेटीएवढी एक डबी. पाहुण्यांची नजर पहिल्यांदा तिकडंच जाते. "हे काय हो?" असं कुणी विचारलं की माझ्याआधी बायको उत्तर देते, "यांचं खेळणं," आणि चहा टाकायला जाते. खेळणं माझंच होतं, हे खरं आहे. मुलगी दहावी झाली तेव्हा तिच्या नावानं घेतलं. तिनं खोकं उघडलं, रिमोट बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, तुमचं अभिनंदन." चार रविवार मी तो गच्चीवर पळवला. पाचव्या रविवारी तो शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवरून गेला आणि त्याच संध्याकाळी बायकोनं त्याला कपाटावर चढवला.

तिथून त्याला खाली काढला शिवराजअप्पांनी. अप्पा गेल्या श्रावणात गेले. मग वहिनींनी ट्रक परत पाठवला, आणि तो पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. मी त्याला बॅटरी जोडत नाही. जोडली की पुढची दोन चाकं आपोआप एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं वळतात, मग सरळ होतात. यंत्र स्वतःला तपासून घेतं, एवढाच त्याचा अर्थ. पण मला ते नको नको म्हणणाऱ्या माणसासारखं दिसतं.

अप्पा आमच्या मोजणी ऑफिसात भूकरमापक होते. मी त्याच ऑफिसात कारकून. जुने नकाशे काढून द्यायचे, नकला करायच्या आणि दप्तरखोलीतल्या झुरळांशी सलोख्यानं राहायचं. ते उन्हात, मी सावलीत. त्यांचा रंग तीस वर्षांत भाजलेल्या विटेसारखा झाला, माझं पोट पुढं आलं. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. पण मला "मोरेसाहेब" म्हणायचे. त्यातला साहेब चेष्टेचा, हे कळायला मला दोन वर्षं लागली. मनातलं काही बोलायचं असलं की तो साहेब गळून पडायचा.

"अंदाजे" हा शब्द त्यांना चालत नसे. कुणी म्हणालं की ते चष्मा काढून धोतराच्या फडक्यानं पुसायला लागायचे आणि विचारायचे, "अंदाजे म्हंजे किती?" आमच्याकडं एकदा जेवायला आले. बायकोनं विचारलं, "अप्पा, भात थोडा घालू?" "दोन डाव घाला वैनी," ते म्हणाले, "दुसरा अर्धा." तेव्हापासून बायको त्यांच्यावर खूश. नवऱ्याला इतकं नेमकं बोलता आलं असतं तर संसार सुखाचा झाला असता, असं ती अजून म्हणते.

चालताना पावलं मोजायची त्यांना सवय होती. सवय म्हणजे, मोजल्याशिवाय चालताच येत नसे. ऑफिसच्या दारापासून चहाच्या टपरीपर्यंत एकशे चौदा. एकदा टपरीशी येऊन ते उभेच राहिले. चहा घेईनात.

"काय झालं अप्पा?"

"एकशे सोळा झाली."

"मग तुमची पावलं लहान पडली असतील. वय झालं."

"माझं न्हाई," ते म्हणाले आणि टपरीवाल्याकडं वळले, "कामून रे, टपरी मागं सरकवलास का?"

टपरीवाला खजील झाला. आदल्या दिवशी नालीचं काम झालं म्हणून त्यानं टपरी खरंच मागं ओढली होती. त्या दिवशी आम्हाला त्यानं चहा फुकट पाजला. कशाबद्दल, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मोजणीला गेले की ते दोन्हीकडचं पाणीसुद्धा पीत नसत. स्वतःची बाटली, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. धर्माबादकडं एकदा दोन सख्ख्या भावांच्या बांधाची मोजणी होती. मीही गेलो होतो, नकाशा धरायला. दोघांकडून दोन चहा आले. अप्पांनी दोन्ही कप तसेच बांधावर ठेवायला लावले, आणि चहा निवत असताना फितीचं एक टोक थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या.

"साहेब, तुमची माणसं आसतेत की धरायला," थोरला म्हणाला.

"हायत. पण आज तुमी धरा. ह्यानं लई ओढली तर तू वरड, तू लई ओढलास तर त्यो वरडंल."

दोघं भाऊ दीड तास एकमेकांना ओरडत फीत धरून चालले. बारा वर्षांत ते तेवढं बोलले नव्हते, असं गावकरी म्हणाले. बांध मात्र धाकट्याच्या बाजूला हातभर सरकला आणि दोघंही पुन्हा बोलायचे बंद झाले. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं काम दगड रोवण्यापुरतं होतं.

त्यांचा एक नियम तर सगळ्या ऑफिसला पाठ होता: आपल्या माणसाच्या जमिनीत फीत धरायची नाही. महानंदावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, भावाची उदगीरला जमीन होती. शेजाऱ्याशी तंटा. मेहुणा आशेनं आला. अप्पांनी त्याला जेवू घातलं, बसस्टँडपर्यंत सोडलं आणि मोजणीला दुसऱ्याच माणसाला पाठवलं.

"तुमी काय खोटं मोजणार होता का?" वहिनींनी विचारलं होतं म्हणे.

"न्हाई. पण माझा डोळा त्येच्या बाजूनं बगंल. मला कळणारबी न्हाई."

वहिनी त्यानंतर आठ दिवस त्यांच्या ताटात भाकरी वाढून न बोलता आत जात होत्या. त्यांनीच मला हे हसत सांगितलं. वहिनी उदगीरच्या, मराठी बोलता बोलता मधेच कानडीत रागवायच्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात माणसं दोनच, पण स्वयंपाकघरातल्या फळीवर पाण्याचे तांबे पाच भरलेले असायचे. कशाला, ते मी बरीच वर्षं विचारलं नाही. माझा स्वभाव चौकस आहे असं मला वाटतं; खरं तर तो फक्त बडबडा आहे.

मला कळलं ते दप्तरखोलीत. दुपारी अप्पा आले, दार लोटून घेतलं आणि औसा तालुक्यातल्या एका गावाचं नाव सांगून म्हणाले, "नकाशा काढा."

मी नकाशा टेबलावर पसरला. सगळी शेतं, ओढा, गाडीवाट, एकूण एक बांध. मधे गावठाणाची वेडीवाकडी रेघ आणि तिच्या आत काहीच नाही. जुन्या नकाशांत गावठाण असंच कोरं असतं. सरकारचा सारा शेताला लागायचा, घराला नव्हे. म्हणून शेतं मोजली गेली, घरं राहिली. अप्पांनी त्या कोऱ्या जागेवर तळहात ठेवला.

"हितं माझं घर होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे ते गावात नव्हते. नवी नोकरी, नेमणूक धर्माबादला. घरात तिघी: आई, जिला ते अव्वा म्हणायचे, पहिली बायको सुमित्रा, आणि चौदा महिन्यांची मुलगी, अक्की. बातमी कळून, वाहनं बदलत ते पोचले तेव्हा दोन दिवस झाले होते. पाऊस पडत होता. गावातल्या घरांचेच वासे आणि तुळया रचून सगळ्यांना एकत्र अग्नी दिलेला होता.

"आमच्या लिंगायतात जाळत न्हाईत, मोरे. बसवून पुरतेत. हातात त्येचं गळ्यातलं लिंग देऊन, इबूत लावून. जागा आसती. सणावारी तिथं जाऊन दोन पानं ठेवायला येतंय. माझ्या तिघीला जागाच न्हाई." ते थांबले. "जाळलेली जागा कुणाला सांगता येईना. घराची तरी सापडली पायजे. तिथं एक दगड लावला की झालं माझं."

नवं गाव चार किलोमीटरवर वसलं, रांगेनं, एकसारख्या घरांचं. जुन्या गावावर यंत्रं फिरली, भिंती आडव्या झाल्या, वर बाभळी वाढल्या. अप्पा तिथं तीनदा गेले होते. गावाबाहेर पिण्याच्या पाण्याचा जुना आड आहे, तिथपर्यंत पाय चालायचे. आडाच्या पुढं वेस. वेशीशी आलं की पाय उचलत नसत. "दुखत न्हाईत, कापत न्हाईत," ते म्हणाले, "निस्तं उचलत न्हाईत. दुसऱ्या कुणाचे हायत तसं."

"पण अप्पा, आत जाऊन तरी घर कसं ओळखणार? सगळं सपाट आहे म्हणता."

त्यावर त्यांनी पिशवीतून एक वही काढली. पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या. नोकरीला लागताना मोजणी शिकायला गेले होते तेव्हाची. शिकणाऱ्यांना पाऊल-मोजणीचा सराव करायला सांगत: होकायंत्र डोळ्याला लावायचं, दिशेचे अंश लिहायचे, पावलं मोजत पुढच्या खुणेपर्यंत जायचं, तिथून मागं बघून उलटी दिशा लिहायची, पुढं जायचं. अप्पांनी तो सराव सुट्टीत आपल्याच गावात केला होता. आड ते मारुतीचा पार. पार ते चावडीचा कोपरा. चावडी ते लिंबाजी कुंभाराची भिंत. भिंत ते आमचं दार. चार ओळी, पेन्सिलीच्या. त्या पहाटे ही वही धर्माबादला त्यांच्या पिशवीत होती. अख्ख्या गावाचं तेवढंच माप जगात शिल्लक होतं.

"मग दुसऱ्या कुणाला पाठवा," मी म्हणालो. "आपल्या ऑफिसातल्याच कुणाला. तास-दीड तासाचं काम."

"माणसाला पाय आसतेत, मोरे. त्येचा पाय कुणाच्या चुलीवर पडंल, कुणाच्या पाळण्याच्या जागेवर पडंल. त्येला काय म्हाईत?"

संध्याकाळी मी त्यांना घरी जेवायला नेलं. तिथं त्यांची नजर कपाटावर गेली.

मान वर करून ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, कौतुक चाललंय. मी फुगलो. म्हणालो, "काढतो खाली. चालवायला शिकवतो तुम्हाला. अवघड नाही, पापडांपासून लांब ठेवायचा."

"मला चालवायचा न्हाई," ते म्हणाले. "ह्येचा रिमोट काढून टाकला तर ह्यो आपला आपण चालंल का?"

"आपला आपण कसा चालेल? आणि रिमोट असताना काढायचा कशाला? आडापाशी उभं राहून तुम्हीच न्या की आत."

त्यांनी चष्मा काढला. "हातात रिमोट आसला तर मीच नेणार की त्येला. मन म्हनंल, इकडं वळव. मी वळवीन. जिथं घर आसावं वाटतंय तिथं नेऊन थांबवीन आन् म्हनीन, सापडलं." चष्मा पुसून झाला. "आपल्या माणसाच्या जागेत आपण फीत धरायची न्हाई."

त्याच वर्षी त्यांची शेवटची बदली लातूरला झाली आणि ट्रक त्यांच्यासोबत गेला. पुढचं वर्षभर मी महिन्यातून एक रविवार लातूरला जायचो. बायकोला सांगायचो, अप्पांना मदत करायला. मदत म्हणजे वहिनींच्या हातचं जेवायचं आणि लोक बघायला लागले की "सरका, सरका" म्हणायचं.

अठ्ठावन्नाला टेकलेला माणूस मोबाइलवर व्हिडिओ बघून हे शिकला. इंग्रजी बोलणं कळत नसे, तर बोलणाऱ्याचे हात बघायचा. ट्रकच्या आतलं, रिमोटचं ऐकणारं यंत्र त्यांनी काढलं. त्या जागी बिस्किटाएवढा एक बोर्ड बसवला. तो नवा मेंदू. मोटर आणि चाकं वळवणारी छोटी मोटर त्याच्या ताब्यात दिली. वर जीपीएस बसवला, साधा नाही. मोजणीला वापरतात तसा, चार बोटांपेक्षा जास्त न चुकणारा. दिशा कळायला एक होकायंत्राची चकती, मोटरीच्या शेजारीच, कारण तिथंच जागा होती. लॅपटॉपवर नकाशात टप्पे टाकायचे, बटण दाबायचं, हात मागं बांधून उभं राहायचं.

सुट्टीच्या दिवशी आडत बाजार रिकामा असतो, तिथं पहिली चाचणी. ट्रक चार टप्पे घेऊन परत यायचा होता. तो निघाला झिंगलेल्या माणसासारखा, डावीकडं, उजवीकडं, आणि सोयाबीनच्या सांडलेल्या दाण्यांवर चरणाऱ्या एका शेळीच्या मागं लागला. शेळी पळाली. योगायोगानं ती ज्या बाजूला पळाली तिकडंच पुढचा टप्पा होता. शेळीची मालकीण धावत आली. "कुणाचं हाय ओ ह्ये? माज्या शेळीला कामून ताणायलंय?"

मी म्हणालो, "ताई, तो आपला आपण चाललाय. कुणी चालवत नाही."

तिनं ट्रककडं बघितलं, आमच्या रिकाम्या हातांकडं बघितलं, शेळी काखेत उचलली आणि भराभर निघून गेली. पुन्हा त्या बाजाराकडं ती कधी फिरकली नाही.

ट्रक हळूहळू शहाणा झाला. वळणं नीट घ्यायला लागला. एक खोड मात्र राहिली: निघताना तो सरळ निघत नसे. आधी थोडा डावीकडं झोकांडा घ्यायचा, मग जीपीएसनं भानावर येऊन वाटेला लागायचा. "पोचतोय ना बरोबर? मग झालं," मी म्हणायचो. अप्पा हं म्हणत. पण त्यांच्या कपाळाची आठी जात नसे.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी आम्ही तिघं जुन्या गावाशी गेलो. अप्पा, वहिनी, मी. आडाच्या कठड्याचे दगड अजून जागच्या जागी होते. अप्पांनी ट्रक तिथं ठेवला. ट्रकवर एक मोबाइल बांधला होता. त्याच्यातलं चित्र लॅपटॉपवर दिसायचं. वहीतल्या चार ओळींचे चार टप्पे नकाशात आधीच टाकलेले होते. अप्पांनी बटण दाबलं आणि हात मागं बांधले. ट्रक झोकांडा घेऊन वेशीतून आत गेला.

पडद्यावर गवत येत होतं, बाभळीचे काटे, मग अचानक अर्धं जातं. एका उभ्या राहिलेल्या भिंतीच्या तुकड्यात कोनाडा होता, दिव्यानं काळा झालेला. इतक्या वर्षांच्या पावसानं ती काजळी धुतली नव्हती. अप्पा पडद्याकडं बघत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. ते पावलं मोजत होते, उभ्या जागी.

ट्रक थांबला. हिरवा दिवा लागला.

दगड घेऊन आत गेलो मी आणि वहिनी. मी भित्रा नाही. म्हणजे, सावलीत बसणारा माणूस जेवढा धीट असतो तेवढा आहे. पण त्या दिवशी मी ट्रकच्या चाकांच्या रेषांवरच पाय टाकत गेलो, एकामागं एक, दोरीवर चालतात तसा, पोट सांभाळत. वहिनी माझ्यामागं. पक्षी नव्हते. कुणीतरी आत्ताच बोलायचं थांबलंय आणि आम्ही जायची वाट बघतंय, असं मला सारखं वाटत होतं. ट्रकशेजारी मी दगड रोवला. वहिनींनी त्याला विभूती लावली, बेल वाहिला, डब्यातली पुरणाची पोळी ठेवली आणि तांब्यातलं पाणी फिरवलं. तीन तांबे आणले होते. फळीवरच्या पाचांतले तीन कुणाचे, ते मला तिथं कळलं.

"बाई," त्या दगडाला म्हणाल्या, "तुज्या माणसाला मी बगायले. काळजी करू नको."

लातूरला आल्यावर अप्पांनी दोन भाकरी खाल्ल्या. एकूण सगळं पार पडलं असं मी धरून चाललो आणि नांदेडला येऊन ती हकीकत चार ठिकाणी, थोडं माझं शौर्य मिसळून, सांगितलीही.

महिन्याभरानं भर कामाच्या वेळी फोन आला.

"मोरे, आडावर रहाट होता."

"काय?"

"लोखंडी रहाट. पाणी वढायचा. मी त्येला टेकून हुबा होतो."

मला काही समजेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. काम झालं तरी ट्रकच्या त्या झोकांड्यानं त्यांना चैन नव्हती. शोधत शोधत त्यांना कारण सापडलं: होकायंत्र मोटरीला चिकटून होतं आणि मोटरीतलं लोहचुंबक त्याची सुई ओढत होतं. त्यांनी प्लास्टिकच्या पाइपचा खांब केला, होकायंत्र वर नेऊन बसवलं. ट्रक सुतासारखा सरळ निघाला. आणि तो सरळ निघालेला बघताना त्यांना आडावरचा रहाट आठवला. लोखंडाजवळ सुई चुकते, हे मोजणीच्या शाळेतलं पहिलं वाक्य. आणि तेव्हाचा तो पंचवीस वर्षांचा शिवराज पहिली दिशा घेताना रहाटाच्या लोखंडी चौकटीला टेकून उभा होता.

त्यांनी वही उघडली. आडावरून पाराकडं बघून लिहिलेले अंश आणि पारावरून आडाकडं बघून लिहिलेले अंश जुळायला हवे होते. अकरा अंशांचा फरक होता. तो तेव्हाही त्यांच्या लक्षात आला होता. समासात बारीक अक्षरात त्यांनीच लिहिलं होतं: पुढच्या सुट्टीत तपासणे.

"ऐंशी पावलांत अकरा अंश," फोनवर आवाज अगदी सपाट होता. "साडेअकरा मीटर. पहिली रेघ चुकली म्हंजे शेवटचं दारबी तेवढंच सरकलं. दगड लिंबाजीच्या घरात लागलाय, मोरे. लिंबाजी कुंभाराच्या."

मी त्या रविवारी लातूरला गेलो. अप्पा खुर्चीत बसून होते, दाढी वाढलेली. जगभराचे दगड जागेवर लावले आणि स्वतःचा एक लावायला गेले तर तो दुसऱ्याच्या घरात. त्यांना हे सहन होत नव्हतं. "माझ्या तिघी साडेअकरा मीटरवर बसून बगत होत्या," ते म्हणाले, "पोळी शेजारी गेलेली."

वहिनी भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "मग काय झालं? लिंबाजीच्या घरचं कोण ऱ्हायलंय?"

"कुणी न्हाई. सात माणसं होती."

"मग त्यांला कोण पोळी ठेवणार होतं? एक डाव खाल्ली त्यांनी. खाऊ द्या. त्यो दगड त्यांचा." तव्यावर भाकरी पडली. "आपला दुसरा आणा. आन् ह्या येळंला तुमी या. मोजायला चुकलाव तुमी, आन् काट्यातनं भाऊजीला धाडताव व्हय? बगा त्यांच्याकडं. रेघंवर पाय देत चालले होते बिचारे, बाई पाण्याला निगाल्यासारखे."

अप्पा हसले नाहीत. मीही नाही, म्हणजे लगेच नाही. थोड्या वेळानं अप्पा उठले आणि दाढी करायला गेले.

त्यानंतर आम्ही गेलो ते फाल्गुनात. माझ्या आणि त्यांच्या नंतरही दोन-तीन भेटी झाल्या, निवृत्तीच्या हारतुऱ्यांत मी त्यांच्या शेजारी बसलो. पण अप्पांना शेवटचं बघितलं ते कुठं, असं मनाला विचारलं की मन त्या सकाळीच जाऊन उभं राहतं.

ट्रक आडाशी ठेवला. वहीतली पहिली ओळ सुधारून टाकलेली होती. या वेळी मोबाइल बांधला नव्हता. चाकं डावीकडं वळली, उजवीकडं वळली, सरळ झाली. तो निघाला, कुठंही न झुकता. अप्पा त्याच्यामागं मोजत चालायला लागले. वेशीशी आले आणि थांबले.

मी बघत होतो त्यांच्या पायांकडं. खरंच ते कापत नव्हते. नुसते होते. ट्रक गवतात दिसेनासा होत चालला. मोटरीचा आवाज बारीक होत गेला.

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या, एका हातात तांब्या, एका हातात डबा. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ओ, गाडी गेली की फुडं. तिला वाट कोण दावंल?"

तिला वाट दाखवायची गरज नाही, हे त्या दोघांनाही माहीत होतं. अप्पांनी एकदा मागं बघितलं. मग उजवा पाय उचलला.

ते आत चालत गेले. आवाज येत होता, आकड्यांचा, एका लयीत. आम्ही दहा-बारा पावलं मागं. मारुतीचा पार असेल तिथं ते वळले, चावडीच्या कोपऱ्याला वळले. लिंबाजीच्या दगडाशी क्षणभर थांबून हात जोडले, पुढं निघाले. बाभळीच्या मधे थोडी मोकळी जागा होती आणि तिथं ट्रक उभा होता, हिरवा दिवा लागलेला. अप्पा त्याच्या अलीकडं एका पावलावर थांबले. मोजणं थांबलं.

त्यांनी चपला काढल्या. गवतात, डाव्या बाजूला, एकीला एक लावून नीट ठेवल्या. मग तो सहा फुटी माणूस मानेत वाकला, चांगलाच खाली, माळवदाच्या घराची बुटकी चौकट चुकवायला वाकावं लागतं तसा. पाय उंच उचलून पलीकडं टाकला, दुसरा आत घेतला आणि सावकाश सरळ झाला. तिथं काहीच नव्हतं. ऊन होतं आणि बाभळीच्या शेंगा.

मी दगड घेऊन पुढं निघालो. वहिनींनी डोक्यावरून पदर घेतला आणि डब्याचा हात माझ्या आडवा धरला.

"थांबा भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "आपून भाईरच थांबू."